ठेला आला तर भाजी

नमस्कार श्रोतेहो. आज तुमच्या घरी कोणती भाजी झाली? आणि ती घेतली कुठून?

नागपुरात महाल भागात राहत होतो तेव्हा हा प्रश्नच पडला नाही. बुधवार बाजार पायी अंतरावर. फोडणी घातल्यावर सांभार संपल्याचं लक्षात आलं, तरी पोरगं धावत जाऊन आणायचं. (सांभार म्हणजे आपली कोथिंबीर; पुण्याच्या पाहुण्यांनी इडली आणायला धावू नये.) मग शहराच्या टोकाला, बेस्याकडे लेआउटमध्ये घर बांधलं. हवा छान, भाजी मात्र आठवडी बाजाराची, दोन किलोमीटरवरून.

तेव्हापासून आमचा स्वयंपाक वारावर चालतो. बाजाराच्या रात्री पालक, दुसऱ्या दिवशी अंबाडी, मग वांगी. पाचव्या दिवशी आलू-कांदे उरतात आणि सहाव्या दिवशी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा. पातोडी मला जीव की प्राण, तक्रार नाही. पण बेसन न् मुगवड्या ही उन्हाळ्यात भाजी महागली की काढायची सोय. ती आता बारमाही झाली.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खा. त्यात आलू धरत नाहीत! चौघांच्या घराला आठवड्याचे 11 किलो होतात. दोन्ही हातांत थैल्या, वर ऑटोचं भाडं.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंकडे तर फ्रीजही नाही. रोजची मजुरी, रोजची पावभर भाजी. 2013च्या कायद्यानं रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. पोट भरतं, भाजीचं काय? त्यांच्या गल्लीतल्या किराण्यात दारावरच पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांच्या माळा लटकतात. पालक तिथं कोण ठेवणार? दुपारपर्यंत सुकतो.

मग जवळ मोठं दुकान काढलं की झालं? अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका वस्तीत सुपरमार्केट उघडलं आणि अभ्यासकांनी लोकांचं खाणं तपासलं. 2014 साली निष्कर्ष छापून आला: सोय झाल्याचं लोकांना जाणवलं, पण फळं-भाज्या खाणं काही वाढलं नाही. मला नवल वाटलं नाही. खिसा, वेळ, जिभेची सवय, सगळं आड येतं.

हातठेल्याची गोष्ट वेगळी. तो दारात हाक मारतो, पावभर तोलतो, सुट्टे नसले तर ‘उद्या द्या’ म्हणतो. पथविक्रेत्यांसाठी 2014चा कायदा आहे, त्यांना जागा ठरवून द्यायची आहे. आमच्या शेजारच्या फ्लॅट स्कीमच्या फाटकावर मात्र पाटी आहे: ‘फेरीवाल्यांना सक्त मनाई’. म्हणून कॉटन मार्केटातून पहाटे माल उचलणारा आमचा भाजीवाला संध्याकाळी बाहेर कडुलिंबाखाली उभा राहतो. ताई कामावरून परतताना तिथंच घेतात.

परवा त्या म्हणाल्या, “ठेला दिसला तर भाजी, नाही तर बेसन.”

कालपासून पावसाची झड लागली आहे. कडुलिंबाखाली कोणी नाही.

नमस्कार.