दोन्ही पारडी रिकामी असली तरी

नमस्कार श्रोतेहो. रावेर-यावलकडची मंडळी ऐकत असतील, तर त्यांना तराजूचं वेगळं काही सांगायला नको. दोन्ही पारडी रिकामी असली तरी काटा मधोमधच उभा राहतो. आज अशाच एका काट्याबद्दल बोलायचं आहे.

युनेस्कोची सांख्यिकी संस्था देशोदेशीच्या शाळांचे आकडे जमवते. त्यात एक आकडा माध्यमिक शिक्षकांच्या पात्रतेचा असतो. शिक्षिकांपैकी शेकडा किती पात्र, ते काढायचं आणि पुरुष शिक्षकांच्या तशाच आकड्याने त्याला भागायचं. उत्तर 1 आलं की बरोबरी. 0.97 ते 1.03 पर्यंतही बरोबरीच धरतात. त्याखाली गेलं तर बाया मागे, वर गेलं तर पुरुष मागे.

आता समजा, एका देशात शंभरातले 95 शिक्षक पात्र आणि शिक्षिकाही 95. उत्तर 1. दुसऱ्या देशात दोन्हीकडे 40च. उत्तर पुन्हा 1! यादीत हे दोन्ही देश मांडीला मांडी लावून बसणार.

शिवाय ‘पात्र’ कोण, हे ज्याचा तो देश ठरवतो. फिनलंडमध्ये माध्यमिक शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते. आपल्याकडे नववी-दहावीला शिकवायचं तर पदवी आणि बी.एड., आणि ते बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं. कुठे माप पायलीचं, कुठे शेराचं. आणि आपण नुसती मापं मोजतोय.

मला या आकड्याची खरी गंमत कळली ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत. ऐंशीचं दशक होतं. माझं अक्षर बरं, म्हणून तपासणीच्या आधी शिक्षकांचा तक्ता भरायचं काम माझ्याच गळ्यात. शाईचा पेन, मोठा फुलस्केप कागद, आडव्या रेघा. एक रकाना पदवीचा, शेजारचा प्रशिक्षणाचा. आम्ही सहा पुरुष. तिघांपुढे ‘बी.एड.’ लिहिलं, तिघांपुढे ‘अप्रशिक्षित’, त्यात एक मीही! स्वतःच्या हाताने स्वतःपुढे तो शब्द लिहिताना पेन जरा अडलाच. बाई एकच. बी.ए., बी.एड., सगळं चोख.

म्हणजे हिशेब काय झाला? पुरुष शेकडा 50, स्त्रिया शेकडा 100. भागाकार 2! त्या यादीत आमची शाळा बसवली असती, तर बायांनी पुरुषांना दुपटीने मागे टाकलं असं कोणीही म्हटलं असतं. प्रत्यक्षात शिक्षक-खोलीत सात खुर्च्या, त्यातल्या एकीवर बाई. मुली काही सांगायचं असलं की मधल्या सुट्टीत त्यांच्याभोवती गोळा व्हायच्या. बाई डबा उघडायच्या, तो तसाच राहायचा. म्हणून मला वाटतं, हा भागाकार वाचताना शेजारी दोन आकडे हवेतच: पात्र किती, आणि मुळात बाया किती.

पुढच्या जूनमध्ये बाईंच्या यजमानांची बदली नाशिकला झाली. बाईंनी नोकरी सोडली. सामान एसटीच्या टपावर चढवून आमचे शिपाई बाबा परत आले आणि अहिराणीत एवढंच म्हणाले, “आते पोरीसले कोन शे?”

त्या वर्षी तक्ता पुन्हा मीच भरला. स्त्रियांच्या रकान्यात आडवी रेघ मारली. भागाकार करायला काहीच उरलं नव्हतं.