वीसपर्यंत येतं, पण चार बटाटे?

नमस्कार, श्रोतेहो.

पाहुणे आले की घरातल्या साडेतीन-चार वर्षांच्या पोराला पुढे करायची आपल्याकडे रीतच आहे. "म्हणून दाखव बरं एक ते वीस!" पोर एका दमात म्हणतं, तेरानंतर थेट सोळावर उडी मारतं, तरी सगळे खूश. आता त्यालाच सांगा, "जा, टोपलीतून चार बटाटे आण." बहुतेक वेळा ते ओंजळीत मावतील तेवढे घेऊन येतं. आकड्यांची नावं पाठ झालीत, पण चार म्हणजे नेमके किती, हे अजून उमगायचंय.

मोजण्याची खरी गंमत बोटात आहे. एका वस्तूवर एकदाच बोट, आणि त्या बोटाला एकच आकडा. लहानग्यांचं तोंड बोटाच्या पुढे पळतं, म्हणून पाच चमच्यांचे सात होतात. तिथे "चुकलास" म्हणून मोकळं होऊ नका. मोजलेला चमचा बाजूला सरकवायला सांगा. हात गुंतला की तोंड आपोआप धीमं होतं.

मोजून झालं की विचारा, "मग किती चमचे झाले?" पुष्कळ मुलं उत्तर देण्याऐवजी पुन्हा एकपासून सुरू करतात! शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच सगळे मिळून किती, ही समज वेगळी यावी लागते. रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीची जी तत्त्वं मांडली, त्यांतलं हे एक. माझ्या मते सगळ्यांत अवघड हेच, आणि घरोघरी दुर्लक्षित राहतं तेही हेच.

साधनं विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा परिसरातल्याच वस्तू हाताशी घेतल्या. तुमच्याकडे ताटं-वाट्या आहेत, जिन्याच्या पायऱ्या आहेत.

पुढे वीस आकड्यानंतर मराठीतली एक खोच येते. 'पंचवीस' ऐकताना कानावर आधी पाच पडतात, लिहायचे मात्र आधी दोन. मग मूल सरळ ५२ लिहून मोकळं होतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनपद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! वाद राहू दे. मुलाला काड्यांच्या दहादहाच्या दोन जुड्या बांधू द्या, शेजारी पाच सुट्या ठेवू द्या, मग लिहायला सांगा.

आणि हो, चिंचोके मोजायला दिलेत तर जवळच बसा. या वयात ते नाकात जायला वेळ लागत नाही.

नमस्कार.