मॅजेंटा नावाचं गाव

नमस्कार श्रोतेहो.

आजचं वर्तमानपत्र हाताशी असेल तर त्याचं एखादं रंगीत पान काढा आणि कडेला बारकाईनं बघा. बहुतेक ठिकाणी चार लहान ठिपके दिसतील. एक निळा, एक गर्द गुलाबी, एक पिवळा, एक काळा. चारही रंगांच्या प्लेटा एकमेकींवर नीट बसल्या की नाहीत, हे छापखान्यातला मशीनवरचा माणूस या ठिपक्यांवरून ओळखतो. तो त्या गुलाबी ठिपक्याला गुलाबी म्हणत नाही, मॅजेंटा म्हणतो. साडीच्या दुकानात साधारण याच छटेला राणी कलर म्हणतात. आता मॅजेंटा म्हणजे काय? तर ते एका गावाचं नाव आहे.

इटलीत मिलान शहराच्या पश्चिमेला, पंचवीसेक किलोमीटरवर, तिचीनो नदीच्या अलीकडे हे गाव आहे. गावाचं नाव मॅक्सेंशियस या रोमन सम्राटावरून पडलं असं मानतात. म्हणजे हे नावही मुळात उसनंच. पुढची दीड हजार वर्षं ते गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मग उजाडला 4 जून 1859.

उत्तर इटलीवर तेव्हा ऑस्ट्रियाचा अंमल होता. तो उठवण्यासाठी पिडमाँट-सार्डिनिया या इटलीतल्याच राज्याचा राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल आणि फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन एकत्र आले होते. फ्रेंचांनी या युद्धात सैन्य हलवायला आगगाडी वापरली, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. नदी आणि गाव यांच्या मध्ये एक मोठा कालवा आहे, नाविल्यो ग्रांदे. त्याच्या पुलांवर दिवसभर हातघाई चालली. फ्रेंचांची एक बाजू पुलांवर अडकून पडली होती. उत्तरेकडून येणारा फ्रेंच सेनापती मॅकमहॉन दुपार टळून गेल्यावर गावाला भिडला आणि मग घराघरांतून, रेल्वे स्टेशनाच्या आजूबाजूला लढाई झाली. दोन्हीकडची मिळून दोन हजारांवर माणसं ठार झाली आणि सात हजारांवर जखमी. स्टेशनाजवळ काझा जाकोब्बे नावाचं एक घर आहे. त्याच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आजही दिसतात. चारच दिवसांनी सम्राट आणि राजा वाजतगाजत मिलानमध्ये शिरले.

तिथून हे नाव गावाबाहेर पडलं. मॅकमहॉन 'मॅजेंटाचा ड्यूक' झाला आणि 1873 मध्ये फ्रान्सचा राष्ट्राध्यक्षही. पॅरिसच्या दोन मोठ्या रेल्वे स्टेशनांजवळून जाणारा रस्ता बुलवार द माजेंता झाला. 1999 मध्ये त्या भागात जमिनीखाली नवं स्टेशन उघडलं, त्यालाही तेच नाव. शँपेनच्या मुलखात एपर्ने शहराला लागून एक माजेंता आहे. पार पॅसिफिक महासागरात, न्यू कॅलेडोनियाच्या नूमेआ शहराचा देशांतर्गत विमानतळही माजेंताच. ही सगळी नावं लढाईची आहेत. गाव त्यात असून नसल्यासारखं.

आणि रंग? रणांगणावर सांडलेल्या रक्तावरून रंगाला हे नाव पडलं असं सांगतात. गोष्ट चटकदार आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. रंग लढाईच्या आधीच तयार होता. रेशमासाठी प्रसिद्ध असलेल्या ल्यॉन शहरात व्हर्गँ नावाच्या रसायनतज्ज्ञानं डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनवर कथलाच्या क्लोराइडची प्रक्रिया करून तो काढला. रनार बंधूंच्या कारखान्यानं 8 एप्रिल 1859 ला त्याचं पेटंटही घेतलं. त्यांनी नाव ठेवलं फुक्सिन, फुशिया या फुलावरून. त्यातही एक गंमत आहे. रनार म्हणजे फ्रेंचमध्ये कोल्हा आणि कोल्ह्याला जर्मनमध्ये म्हणतात फुक्स! मालकांनी फुलाच्या आडून आपलंच नाव बाटलीवर चिकटवलं, असा संशय घ्यायला भरपूर जागा आहे. पुढे लंडनच्या एका कारखान्यानं हाच रंग आधी 'रोझीन' म्हणून विकला आणि 1860 च्या सुमाराला त्याचं नाव बदलून मॅजेंटा केलं. विजयाचं नाव तेव्हा ताजं होतं, बाजारात खपणारं होतं. एवढंच त्यामागचं कारण. रक्ताचा संबंध नाही, जाहिरातीचा आहे.

जुनं नावही मेलं नाही बरं का. क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करताना काचपट्टीवर ओततात ते कार्बोल फुक्सिन. आम्लानं धुतलं तरी क्षयाचे जंतू हा रंग सोडत नाहीत. निळ्या पार्श्वभूमीवर ते गुलाबी-तांबड्या काड्यांसारखे उठून दिसतात. आपल्या खेड्यापाड्यांतल्या किती तरी आरोग्य केंद्रांतल्या तंत्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हा रंग वर्षानुवर्षं पाहिला आहे. म्हणजे प्रयोगशाळेत कोल्हा टिकला आणि छापखान्यात लढाई. छापखान्यातली आजची शाई त्या जुन्या रसायनाची नाही, पण नाव तेच. दिल्लीच्या मेट्रोत तर एक अख्खी मॅजेंटा लाइन धावते.

आता दोन जहाजं. एक फ्रेंच चिलखती युद्धनौका, नाव अर्थातच माजेंता. 31 ऑक्टोबर 1875 ला तुलाँ बंदरात तिला आग लागली आणि स्फोट होऊन ती बुडाली. तिच्या पोटात ट्युनिसहून आणलेले प्राचीन कार्थेज शहरातले दोन हजारांवर कोरीव दगड होते आणि सम्राट हेड्रियनची राणी सबिना हिचा संगमरवरी पुतळाही. 1994 मध्ये जहाजाचे अवशेष सापडले आणि त्यानंतर पाण्यात बुडी मारणाऱ्यांनी पुतळ्याचं डोकं वर काढलं.

दुसरं जहाज इटलीचं, नाव तेच. 1865 ते 1868 या काळात जगाला फेरी घालून आलेलं. 22 जुलै 1867 ला दक्षिण पॅसिफिकमध्ये, जमिनीपासून फार लांब, त्यावरच्या निसर्गशास्त्रज्ञांनी एक समुद्रपक्षी टिपला. तो कुणाच्याच ओळखीचा नव्हता. 1869 मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि जातीला जहाजाचं नाव मिळालं, 'मॅजेंटी'. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ तो शास्त्रज्ञांना पुन्हा दिसला नाही. 1 जानेवारी 1978 ला न्यूझीलंडच्या पूर्वेला, सुमारे आठशे किलोमीटरवरच्या चॅटम बेटांवर डेव्हिड क्रॉकेट आणि त्यांच्या सोबत्यांना तो जिवंत सापडला. बेटांवरचे लोक त्याला पूर्वीपासून ताइको म्हणत आले होते. त्यांच्या जुन्या उकिरड्यांत त्याची हाडंही मिळाली आहेत. ते त्याला मारून खात असत. आज ही जात जगातल्या अतिदुर्मीळ समुद्रपक्ष्यांत गणली जाते. रानातल्या जमिनीत खोल बीळ करून ती त्यात अंडी घालते.

आणि हो, या मॅजेंटा पक्ष्याचं डोकं आणि पाठ राखाडी-तपकिरी आहे, पोट पांढरं. गुलाबी पीस एकही नाही.

नमस्कार.