टार्गेटच्या अलीकडे अडलेलं घोडं

मघाशी पहिल्या रांगेतल्या काकांनी विचारलं, "स्टॉपलॉस कळला, टार्गेटही कळलं. पण माझा शेअर दोन्हीकडे जात नाही, मधेच बसकण मारतो. त्याचं काय करू?" आजच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय नव्हता, पण पैसे जास्त इथेच गळतात. स्टॉपलॉस लागला, म्हणजे तोटा थांबवायला ठरवलेल्या भावाला शेअर विकला गेला, की माणूस चरफडतो आणि मोकळा होतो. लटकलेला सौदा मात्र मोकळं होऊ देत नाही.

फळ्यावर आकडे मांडतो. ८४० ला १०० शेअर घेतले. स्टॉपलॉस ८२०, टार्गेट, म्हणजे नफा घेऊन विकायचा भाव, ९००. म्हणजे वीस घालवायची तयारी, साठ मिळवायची आशा. चार दिवसांत भाव ८७६ झाला. आणि मग तीन दिवस ८७० ते ८७८, तळ्यात-मळ्यात. चार्टवरच्या कँडल, म्हणजे दिवसाचा चढउतार दाखवणाऱ्या पट्ट्या, बारीक होत गेल्या, व्हॉल्यूम, म्हणजे रोजची उलाढाल, ओसरला.

इथे बहुतेक जण काय करतात? काहीच नाही. वहीत ९०० लिहिलंय ना! पण हिशेब बघा. वरती आता उरलेत २४ रुपये. स्टॉपलॉस अजून ८२० वरच असेल, तर खाली परत द्यायला ५६ आहेत. तिनास एकचा सौदा तुमच्या नकळत उलटा झाला. आज रोख ८७६ रुपये हातात असते, तर छप्पन्न पणाला लावून चोवीससाठी हा शेअर घेतला असता का? नसता. मग धरून का बसलात?

कुणीतरी म्हणेल, स्टॉपलॉस खरेदीभावावर आणू, ८४० वर. फुकटात खेळू. एक तर ते फुकट नाही. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवायचा असेल तर, घेताना आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), घेताना ०.०१५ टक्के स्टॅम्प ड्युटी. ८४,००० च्या सौद्यात हेच १८० रुपये होतात. त्यात डीपी चार्जेस (विकताना लागणारा डिमॅट खात्याचा आकार) आणि बाकीचं किडूकमिडूक धरलं, की शेअरमागे दोन रुपये गेले. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही कितीला घेतलं हे बाजाराच्या गावीही नसतं. ८४० ला महत्त्व फक्त तुमच्या लेखी. स्टॉपलॉस ठेवायचा तो चार्टला जिथे काही अर्थ आहे तिथे. समजा वर जाताना भाव ८६१ पर्यंत मागे येऊन वळला होता, तर ८५८. आता चोवीससाठी अठरा. निदान बोलता येईल असा सौदा झाला.

निम्मे विकायचे का? ५० शेअर ८७६ ला दिले, १८०० खिशात. उरलेले ८५८ ला गेले तरी खर्च वगळता २७०० सुटतात. ९०० आलाच, तर ६००० ऐवजी ४८००. बाराशे रुपये मोजून झोप विकत घेतली म्हणा. पण ही झोप सगळ्यांना परवडत नाही. तुमचे दहातले तीनच सौदे बरोबर येत असतील, तर तीन साठे एकशेऐंशी, उणे सात विसे एकशेचाळीस, चाळीस उरतात. त्या तिघांत साठऐवजी अठ्ठेचाळीसच मिळू लागले, तर उरतात चार. दहा सौद्यांचे खर्चच वीस. आपला 'हिट रेट' डायरीत नसेल, तर निम्मे विकण्याचा सल्ला कुणाकडून घेऊ नका, माझ्याकडूनही नाही.

आणि ९०० च का? गोल आकडा आवडतो म्हणून. सगळ्यांनाच आवडतो, म्हणून विकणाऱ्यांची रांग तिथेच लागते. ८९६ लिहा. शिवाय जो शेअर दिवसाला सरासरी बारा रुपये हलतो, तो साठ रुपये दोन दिवसांत कुठून चालणार?

म्हणून भावासारखाच दिवसांचाही स्टॉपलॉस लिहायचा. 'आठ दिवसांत हलला नाही तर बाहेर.' शेअरमध्ये हा नियम चुकवलात, तर पैसे अडकतात. ऑप्शन, म्हणजे ठरावीक मुदतीत ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क, विकत घेतलेल्याचे ते सरळ वितळतात, कारण मुदत सरते तशी त्या हक्काची किंमत उतरते. निफ्टीच्या ऑप्शनची साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस, २०२५ च्या सप्टेंबरपासून मंगळवारी असते. मी एकदा शुक्रवारी कॉल (भाव वाढेल या आशेने घेतलेला ऑप्शन) घेऊन शनिवार-रविवार सांभाळला. सोमवारी दुपारी निफ्टी जागच्या जागी, मीही जागच्या जागी, प्रीमियम, म्हणजे त्या कॉलची किंमत, मात्र जवळजवळ अर्धा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले, तेव्हा आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या, म्हणजे अशा मुदतीच्या सौद्यांमधल्या, व्यक्तिगत ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. ते सगळेच काही दिशा चुकून गेले नसतील.

बरं काका, तुमचा तो शेअर किती दिवस बसलाय?

"चौदा महिने." (हशा)

आणि घेतला होता किती दिवसांसाठी?

"आठवड्याभरासाठी."