मागच्या गाडीतला माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

वाहतूक तुंबलेली असते. अर्धा तास आपण इंच इंच पुढे सरकत असतो आणि मनातल्या मनात कुणाच्या तरी नावाने खडे फोडत असतो. पुढे अपघात झाला असणार, नाहीतर रस्ता खणून ठेवला असणार. आणि मग एकदम रस्ता मोकळा! अपघात नाही, खड्डा नाही, साधा अडथळाही नाही. मग इतका वेळ आपण अडकलो होतो तरी कशात?

जपानमधल्या युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटर घेराचा गोल रस्ता. त्यावर ना सिग्नल, ना चौक. एकामागे एक २२ गाड्या. चालकांना सांगितलेलं, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालवा आणि पुढच्या गाडीला धडकू नका. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग कुठेतरी एखाद्याचा वेग किंचित कमी-जास्त झाला. मागच्याच्या ते जरा उशिरा लक्षात आलं, म्हणून त्याने ब्रेक थोडा जास्तच दाबला. त्याच्या मागच्याने त्याहून जास्त. होता होता मागच्या गाड्यांवर चक्क थांबायची वेळ आली. आणि ही कोंडी एका जागी राहिली नाही. ती गाड्यांच्या उलट दिशेने, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत राहिली.

ही उलटी दिशाच माझ्या डोक्यातून जात नाही. सरळ रस्त्यावर असता, तर तो पहिला चालक केव्हाच पुढे निघून गेला असता. घरी जाऊन त्याने सांगितलंही असतं, आज रस्ता छान मोकळा मिळाला. आणि ते खोटं नसतं. त्याने काही वाईट केलेलंच नाही! (मी स्वतः वाईट गाडी चालवतो, त्यामुळे त्याची बाजू घ्यायला मला आवडतं.)

पण ब्रेक दाबला तरच परिणाम होतो असंही नाही. आपण नुसते बसून राहिलो, तरी समोरचा त्यातून काहीतरी वाचतो. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली मांडलेला प्रयोग आठवतो. विद्यार्थी खोलीत बसून प्रश्नावली भरतोय आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर आत यायला लागतो. खोलीत एकट्याने बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी उठून बाहेर जाऊन सांगितलं. मग सोबत दोन माणसं बसवली. धुराकडे एकदा बघायचं, खांदे उडवायचे आणि पुन्हा लिहायला लागायचं, एवढंच त्यांना शिकवून ठेवलेलं. आता उठले फक्त १० टक्के. बाकीचे डोळे चोळत, खोकत, धूर हाताने बाजूला सारत लिहीत राहिले. त्या दोघांनी कुणाला अडवलं नव्हतं. स्वतःहून काही बोललेही नव्हते.

हे वाचलं आणि मला माझं टेबल आठवलं.

एका शुक्रवारी दुपारी माझ्या एका सहकाऱ्याने अहवाल तपासायला आणून दिला. मी "बघतो" म्हटलं आणि तो स्टेपलरखाली सरकवून ठेवला. तो जरा घुटमळला. मी त्याच्याकडे बघून हसलो, खुर्चीत मागे रेललो. तोही हसला आणि गेला. संध्याकाळी मी वेळेवर निघालो. सोमवारी आलो तर स्टेपलर जागेवर, अहवाल नाही. गेला असेल पुढे, म्हणून मी दुसऱ्या कामाला लागलो. छान मोकळा रस्ता.

दीड वर्षाने, भलत्याच गप्पांच्या ओघात तो म्हणाला की त्या शुक्रवारी रात्री त्याला फोन आला होता, अहवाल उद्या दुपारपर्यंत हवाच म्हणून. शनिवारी सकाळी तो एकटाच ऑफिसात आला, सगळी पानं पुन्हा तपासली, आकडे जुळवले. त्याच दिवशी त्याच्या आईला हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं. शेवटी धाकटा भाऊ रजा टाकून गेला. म्हणजे मी कधी न पाहिलेल्या एका माणसाची रजासुद्धा माझ्या स्टेपलरखालीच गेली.

"अरे, मग मला तेव्हाच सांगायचं ना, घाईचं आहे म्हणून!" मी म्हणालो. थोडा चिडूनच म्हणालो, हेही कबूल करतो.

"तुम्ही इतके निवांत बसला होतात," तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. घाई नसेलच."

नमस्कार.