आगळाची बाटली

नमस्कार श्रोतेहो.

विहीर, पऱ्या, झरा, खाडी. आपल्याकडे पाण्याच्या तऱ्हा किती! उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यातलं गंधक नाकालाच कळतं. लोह असेल तर चहा काळपट होतो. बाकीचं तपासल्याशिवाय कळत नाही.

ऐन मे महिन्यात आंजर्ल्याच्या खाडीकाठच्या एक काकू माझ्याकडे पाणी तपासायला बाटली घेऊन आल्या. म्हणाल्या, "विहिरीचं पाणी मचूळ लागतंय हो, बघा जरा." सामू, म्हणजे पीएच, मोजला. हा आकडा जितका कमी, तितकं पाणी आंबट. निघाला चारच्याही खाली! पिण्याच्या पाण्याचा सामू साडेसहा ते साडेआठ असावा. जांभ्या दगडातलं पाणी थोडं आम्लधर्मी असतं खरं, पण इतकं? पुन्हा मोजला, तोच आकडा. मग बाटलीला नाक लावलं. आगळ! काकूंनी बाटली एकदाच विसळली होती. आगळ म्हणजे कोकमाचा रस, आंबट आणि वर मीठ घातलेला. म्हणजे सामूही चुकला आणि खारटपणाही. (आणि असं घरचं आगळ आता दुकानात शोधून मिळत नाही. रंग घातलेल्या साखरपाण्याला कोकम सरबत म्हणू नये, हे माझं ठाम मत आहे.)

दुसऱ्या दिवशी मीच गेलो. दहा-बारा कळश्या उपसल्या, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळली, काठोकाठ भरली, बूच घट्ट लावलं. सामू निघाला साडेसहा. मग खारटपणा, म्हणजे मिठातलं क्लोराइड, मोजायला क्रोमेटने पिवळ्या केलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडलं. विटकरी रंग यायला जितके थेंब जास्त लागतात, तितकं क्लोराइड जास्त. लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १०००पर्यंत चालवून घेतात. काकूंचं पाणी या दोहोंच्या मध्ये होतं. शेजारच्या बागेतला पंप रात्रभर चालायचा. गोड्या पाण्याची पातळी खाली गेली, की खाडी आत सरकते. पंपाची वेळ कमी करायला सांगितली. पावसानंतर तपासलं, क्लोराइड २५०च्या आत आलं होतं. खाडीकाठी बोअर मारण्याआधी जुन्या विहिरीचा गाळ काढा, हे मी गावोगाव सांगत आलोय.

तर लक्षात ठेवा, बाटली तीनदा विसळायची, आणि त्याच पाण्याने. पुन्हा सांगतो, त्याच पाण्याने, तीनदा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र निर्जंतुक केलेली असते, ती विसळायची नाही. बाटलीवर विहिरीचं नाव आणि तारीख लिहा. एक नमुना मेअखेर, दुसरा पावसानंतर. आणि विहीर खाडीजवळ असेल, तर मेचा नमुना चुकवू नका.