१९५४: आपल्या गावांत झालेला विश्वचषक

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

झुरिक, बासेल, बर्न, लोझान, जिनिव्हा, लुगानो. आज या सभागृहात बसलेले बहुतेक जण यांपैकी एखाद्या गावात किंवा त्याच्या आसपास राहतात. १६ जून ते ४ जुलै १९५४ या काळात फुटबॉलचा पाचवा विश्वचषक स्वित्झर्लंडमधल्या याच सहा गावांत खेळला गेला. संघ सोळा, सामने २६, गोल १४०. म्हणजे सामन्यामागे पाचाहून जास्त गोल. ही सरासरी त्यानंतर कुठल्याच विश्वचषकाला गाठता आलेली नाही.

यजमानपद स्वित्झर्लंडला का मिळालं, ते थोडक्यात सांगतो. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं. जुलै १९४६ मध्ये लक्झेंबर्गला फिफाची बैठक भरली आणि तिथे १९५० ची स्पर्धा ब्राझीलला, १९५४ ची स्वित्झर्लंडला दिली गेली. युरोपातली अनेक शहरं तेव्हा ढिगाऱ्यात होती, पण स्वित्झर्लंडची रेल्वे, हॉटेलं, बँका शाबूत होत्या. फिफाचं कार्यालय झुरिकमध्ये होतं आणि १९५४ मध्ये फिफाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. तयारीला आठ वर्षं मिळाली. बासेलचं सांक्ट याकोब नव्याने उभं राहिलं, बर्नचं वांकडोर्फ जुनं पाडून नवं बांधलं.

आता मुख्य विषयाकडे येतो. या स्पर्धेबद्दल बोलताना सगळे थेट पश्चिम जर्मनी विरुद्ध हंगेरी या अंतिम सामन्यावर उडी मारतात. आमचं मत असं, की ही स्पर्धा समजून घ्यायची तर आधी तिचे नियम समजून घ्यायला हवेत. असे नियम ना आधी होते, ना नंतर कधी आले. अंतिम सामन्यात कोण पोहोचणार हे अर्धंअधिक त्यांनीच ठरवलं.

चार-चार संघांचे चार गट होते. प्रत्येक गटात दोन संघ मानांकित, म्हणजे आधीच बलवान ठरवलेले, आणि दोन बिगरमानांकित. आज गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो, तेव्हा तसं नव्हतं. मानांकित संघ फक्त दोन बिगरमानांकितांशी खेळायचे, एकमेकांशी नाही. बिगरमानांकितही आपसात खेळायचे नाहीत. म्हणजे प्रत्येकाला दोनच सामने. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. गटातल्या सामन्यातही ९० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर तीस मिनिटं जादा वेळ, आणि तरीही बरोबरी राहिली तरच गुण वाटून घ्यायचे. पहिल्या दोघांचे गुण सारखे असतील तर चिठ्ठी टाकून क्रम लावायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्याचे सारखे असतील तर त्यांचा पुन्हा सामना. गोलफरक कुठेच मोजायचा नाही.

यात गडबड कुठे होते बघा. पहिली मानांकनातच. पात्रता फेरी पूर्ण व्हायच्या आधीच मानांकित संघ ठरवून ठेवले होते आणि त्यांत स्पेन होता. स्पेन आणि तुर्कस्तान यांनी एकेक सामना जिंकला, रोममधला निर्णायक सामना २-२ असा सुटला, आणि शेवटी एका लहान मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला चिठ्ठी उचलायला लावली. तुर्कस्तानचं नाव निघालं. मग स्पेनचं मानांकनही तुर्कस्तानकडे गेलं. पश्चिम जर्मनी मात्र बिगरमानांकित राहिला.

दुसऱ्या गटात हंगेरी आणि तुर्कस्तान मानांकित, पश्चिम जर्मनी आणि दक्षिण कोरिया बिगरमानांकित. दक्षिण कोरियाचा संघ लांबचा प्रवास करून अगदी ऐन वेळी झुरिकला पोहोचला आणि हंगेरीकडून ९-० असा हरला. त्याच दिवशी बर्नमध्ये जर्मनीने तुर्कस्तानला ४-१ हरवलं. आता जर्मन प्रशिक्षक सेप हेर्बेर्गर यांच्यासमोरचं गणित सरळ होतं. पुढचा सामना हंगेरीशी. तो हरलो, तरी तुर्कस्तान कोरियाला हरवणार, दोघांचे दोन-दोन गुण होणार आणि तुर्कस्तानशी पुन्हा सामना होणार. तुर्कस्तानला आपण हरवू शकतो, हे तीनच दिवसांपूर्वी दिसलं होतं. मग हंगेरीविरुद्ध ताकद कशाला खर्च करायची?

२० जूनला बासेलमध्ये त्यांनी आधीच्या अकरा जणांपैकी सात बदलले. हंगेरीने ८-३ असा धुव्वा उडवला. जर्मनीत संतापाची लाट उसळली. पण तुर्कस्तानने कोरियाला ७-० हरवलं, गणित बरोबर निघालं, आणि २३ जूनला झुरिकमध्ये ताज्यातवान्या जर्मन संघाने तुर्कस्तानला ७-२ असं बाहेर काढलं.

इथे जरा थांबून आकडे मांडू. दोन सामन्यांनंतर तुर्कस्तानचे गोल ८ केलेले, ४ खाल्लेले. जर्मनीचे ७ केलेले, ९ खाल्लेले. गोलफरक मोजला असता तर जर्मनी तिथेच घरी गेला असता. आपल्या यजमानांचंही तेच. स्वित्झर्लंडने लोझानला इटलीला २-१ हरवलं, मग बर्नमध्ये इंग्लंडकडून ०-२ हार पत्करली. इटलीने बेल्जियमला ४-१ हरवलं. दोघांचे दोन-दोन गुण, पण गोलफरक इटलीचा अधिक दोन, स्वित्झर्लंडचा उणे एक. फेरसामन्यात बासेलला स्वित्झर्लंडने इटलीला ४-१ लोळवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. ज्या दोन सामन्यांवर ही स्पर्धा फिरली, ते आजच्या नियमात खेळलेच गेले नसते.

दुसरी गडबड बाद फेरीच्या आखणीत होती. गटविजेते एका बाजूला, उपविजेते दुसऱ्या बाजूला. म्हणजे हंगेरी, ब्राझील, उरुग्वे, इंग्लंड हे चारही गटविजेते आपसात लढणार, आणि युगोस्लाव्हिया, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आपसात. अंतिम सामन्यात एक उपविजेता येणार हे आधीच नक्की. गट जिंकल्याची जणू शिक्षाच. हंगेरीला उपांत्यपूर्व फेरीत आदल्या वेळचा उपविजेता ब्राझील मिळाला आणि उपांत्य फेरीत गतविजेता उरुग्वे.

ब्राझीलशी झालेला सामना 'बर्नची लढाई' म्हणून ओळखला जातो. पावसात, निसरड्या मैदानावर हंगेरी ४-२ जिंकला. इंग्लिश पंच आर्थर एलिस यांनी तीन खेळाडू बाहेर काढले: हंगेरीचा बोझिक, ब्राझीलचे निल्टन सांतोस आणि उंबेर्तो. तेव्हा पिवळं किंवा लाल कार्ड नव्हतं, ती पद्धत १९७० मध्ये आली. पंच तोंडानेच सांगायचा, तेही अनेकदा खेळाडूला न कळणाऱ्या भाषेत. बाहेर काढलेल्याला पुढच्या सामन्याची बंदीही आपोआप लागू होत नसे. बोझिक तीन दिवसांनी उरुग्वेविरुद्ध खेळला. तो सामना लोझानला जादा वेळेत गेला, हंगेरी ४-२ जिंकला, आणि विश्वचषकात उरुग्वे पहिल्यांदा हरला. त्याच दिवशी बासेलमध्ये जर्मनीने ऑस्ट्रियाला ६-१ हरवलं, तेही ९० मिनिटांत.

ऑस्ट्रिया तिथवर कसा आला, हे लोझानकरांनी ऐकलंच पाहिजे. २६ जूनची दुपार, रणरणतं ऊन, स्वित्झर्लंडविरुद्ध ऑस्ट्रिया. स्वित्झर्लंडचे प्रशिक्षक कार्ल राप्पान स्वतः ऑस्ट्रियाचे. मागे एक राखीव बचावपटू ठेवून गोलाचं दार लावून घ्यायची त्यांची पद्धत कडीबंद बचाव म्हणून प्रसिद्ध होती. एकोणीस मिनिटांत स्वित्झर्लंड ३-० पुढे. मग २५, २६ आणि २७ व्या मिनिटाला ऑस्ट्रियाचे तीन गोल. मध्यंतराला ऑस्ट्रिया ५-४ पुढे! ऑस्ट्रियाचा गोलरक्षक कुर्ट श्मीड याला उष्माघात झाला होता. बदली खेळाडूची सोय नियमात नव्हती, त्यामुळे तो भोवंडलेल्या अवस्थेत गोलात उभा राहिला आणि मागून त्याला चेंडू कुठून येतोय ते ओरडून सांगावं लागलं. शेवट ७-५. बारा गोलांचा हा विक्रम विश्वचषकात आजही मोडलेला नाही. स्वित्झर्लंडचे पाच गोल झाले आणि तरी ते हरले. दार लावून घ्यायची पद्धत उन्हात का कोसळली? राखीव बचावपटू धावून जागा भरतो यावरच ती उभी असते. पाय थकले की दोन माणसांमधलं अंतर वाढतं, आणि मग राखीव माणूस कुणालाच वेळेवर पोहोचत नाही.

आता ४ जुलै, वांकडोर्फ. हंगेरी मे १९५० नंतर एकही अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना हरलेला नव्हता. १९५२ चं ऑलिम्पिक सुवर्ण त्यांचं होतं. इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ आणि बुडापेस्टला ७-१ हरवून ते आले होते. पण कर्णधार पुश्काशच्या घोट्याला बासेलमधल्या त्या ८-३ च्या सामन्यात जर्मनीच्या लीब्रिखच्या लाथेने दुखापत झाली होती. मधले दोन सामने तो बाहेर होता. अंतिम सामन्यात त्याला उतरवलं. बदली खेळाडू नसताना अर्धवट बरा माणूस उतरवणं म्हणजे केवढी जोखीम!

दुपारपासून पाऊस लागला. जर्मन कर्णधार फ्रिट्झ वाल्टरला युद्धात मलेरिया झाला होता, कडक उन्हात त्याचा खेळ मंदावायचा आणि पावसात खुलायचा. जर्मनीत अशा हवेला आजही 'फ्रिट्झ वाल्टरची हवा' म्हणतात. आणि संघासोबत होते बूट बनवणारे आडी डासलर, आदिदासचे संस्थापक.

त्या बुटांबद्दल नीट सांगायला हवं. तेव्हाच्या साध्या फुटबॉलच्या बुटाला चामड्याचे थर चढवून केलेले स्टड, म्हणजे तळव्याखालचे उंचवटे, खिळ्यांनी ठोकलेले असत. लांबी बदलायची तर खिळे उपसून नवे ठोकायचे. ऐन सामन्याच्या दिवशी अकरा जोड कोण ठोकत बसणार? डासलर यांच्या बुटात तळव्यात आटे असलेली धातूची बैठक होती, तिच्यात स्टड पिळून बसवायचा. मैदान कोरडं असेल तर आखूड, ओलं असेल तर लांब. लांब स्टड वरचा चिखल पार करून खालच्या घट्ट मातीत रुततो, आखूड स्टड वरच्या वरच सरकतो. कोरड्या जमिनीवर मात्र लांब स्टड रुतत नाही, खेळाडू उंचावर उभा राहतो आणि घोटा मुरगळतो, म्हणून दोन्ही हवेत. ओल्या मैदानावर वळताना पाय कसा निसटतो, हे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉलचे सामने पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. हेर्बेर्गर यांनी पाऊस पाहून लांब स्टड लावायला सांगितले आणि काम झालं. हंगेरीच्या बुटांनी पाणी पिऊन वजन धरलं.

तरीही सुरुवात हंगेरीची. सहाव्या मिनिटाला पुश्काश. आठव्या मिनिटाला जर्मनीचा बचावपटू कोलमायर आणि गोलरक्षक तुरेक यांच्यात गोंधळ झाला, ओला चेंडू हातातून निसटला, हंगेरीच्या चिबोरने मोकळ्या गोलात मारला. ०-२. पण दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या मोर्लॉकने घसरत जाऊन पाय लावला. अठराव्या मिनिटाला फ्रिट्झ वाल्टरचा कॉर्नर आला, गोलरक्षक ग्रोशिचला गर्दीत चेंडू मिळाला नाही, आणि मागे उभ्या हेल्मुट रानने तो आत घातला. दहा मिनिटांत बरोबरी. पुढचा तासभर हंगेरीने सगळं करून पाहिलं. एक चेंडू खांबाला, एक आडव्या दांडीला लागला, एक कोलमायरने रेषेवरून काढला, आणि पहिल्या चुकीनंतर तुरेकने जे गोल वाचवले त्याला तोड नाही.

८४ वं मिनिट. जर्मनीच्या शेफरने बोझिककडून चेंडू काढला आणि गोलासमोर उंच टाकला. हंगेरीच्या बचावपटूने तो डोक्याने बाहेर परतवला, पण अर्धवट. चेंडू रानकडे. उजव्या पायाने मारणार असं दाखवून त्याने तो डावीकडे ओढला. बचावपटू उजव्या पायाकडे झेपावले होते. डाव्या पायाने, जमिनीलगत, कोपऱ्यात. ३-२. शेवटच्या क्षणांत पुश्काशने पुन्हा चेंडू जाळ्यात घातला, पण वेल्श लाइन्समन मर्विन ग्रिफिथ्स यांचा झेंडा वर होता आणि पंच विल्यम लिंग यांनी ऑफसाइड दिला. त्या निर्णयावर आजही वाद चालतो.

टीव्हीवर थेट दिसलेला हा पहिला विश्वचषक. पण अंतिम सामन्याचं संपूर्ण टीव्ही चित्रण आज उपलब्ध नाही, त्यामुळे वाद मिटवायला पडदाही कामी येत नाही. दुसरा वाद इंजेक्शनांचा, म्हणजे ती उत्तेजकाची होती का, याचा. जर्मन खेळाडूंना इंजेक्शनं दिली गेली होती, आणि ती क जीवनसत्त्वाची होती असं संघाच्या डॉक्टरांनी सांगितलं. काही महिन्यांत त्यांच्यातल्या अनेकांना कावीळ झाली. हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवून या विजयाबद्दल बोलणं बरोबर नाही, म्हणून सांगितले. तसंच हंगेरीचं मोठेपण निकालाने झाकलं जाऊ नये. पाच सामन्यांत २७ गोल, त्यांपैकी ११ एकट्या कोचिशचे.

ती आखणी पुन्हा कधी वापरली नाही. १९५८ मध्ये स्वीडनला गटातला प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळला आणि गटातला जादा वेळ गेला. फेरसामन्याऐवजी गोलांच्या सरासरीवर (केलेले भागिले खाल्लेले गोल) क्रम लावणं १९६२ मध्ये चिलीत आलं.

वांकडोर्फचं जुनं मैदान २००१ मध्ये पाडलं, २००५ मध्ये त्याच जागी नवं उघडलं. जुन्या मैदानावरचं लाँजीन कंपनीचं घड्याळ मात्र जपून नव्या स्टेडियमबाहेर उभं केलं आहे. बर्न स्थानकावरून ९ नंबरची ट्राम घ्या, वांकडोर्फच्या दिशेची. जर्मन संघ उतरला होता ते श्पीत्सचं बेलवेदेर हॉटेल थुनच्या सरोवराकाठी आजही चालू आहे, बर्नहून गाडीने साधारण अर्धा तास. दोन्ही जागा एका दिवसात पाहून होतात.